डाव्या पायाचं गणित

"सही करा, बाई. एवढं काय वाचताय, लग्नाची पत्रिका आहे का ती?" मालक म्हणाले.

मी वाचतच राहिले. घाई कर असं कुणी सांगितलं की माझा वेग आपोआप निम्म्यावर येतो. हा माझा जन्मजात दोष आहे आणि तो सुधारायचा माझा काही विचार नाही.

टेबलावर एक पाऊल पडलं होतं. कृत्रिम पाऊल, डावं, आमच्याच कारखान्यात बनलेलं. काळ्या धाग्यांच्या कापडाचे थर चिकट रसायनात भिजवून एकावर एक लावायचे, साच्यात दाबायचे, भट्टीत भाजायचे, की असं पाऊल तयार होतं. पुढे सपाट आणि मागे घोट्याकडे वर वळलेलं. हे पाऊल नेमकं त्या वळणावर फाटलं होतं. ज्या शिक्षिकेच्या पायात ते होतं, त्या बाई शाळेचा जिना उतरताना पडल्या. मनगटावर निभावलं, पण डोकंही फुटलं असतं.

रिपोर्टात लिहिलं होतं की कॉम्प्युटरवरच्या गणितानुसार पावलात कुठेही मर्यादेबाहेर ताण नाही, सबब रचना निर्दोष आहे. थर लावण्यात कामगाराचा निष्काळजीपणा झाला. खाली मालकांची सही होऊन गेली होती आणि शेजारी माझ्यासाठी जागा सोडली होती. गणित माझं, त्यामुळे माझ्या सहीशिवाय त्या कागदाला किंमत नव्हती.

तो निष्काळजी कामगार दाराशी उभा होता. त्यांना सगळे थरकाका म्हणतात. कारखाना सुरू झाला तेव्हापासून थर तेच लावतात. अंगावर कामाचा डगला तसाच, आणि हात पाठीमागे, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे.

"करा सही, बाई," तेच म्हणाले. "हल्ली हात थरथरतो माझा. झालं असेल माझ्याकडनं."

"झालं असेल म्हणजे? झालंय का?"

"आता ते कसं सांगू?"

मला मालकांपेक्षा त्यांचाच जास्त राग आला. आरोप करणाऱ्याशी भांडता तरी येतं. आरोप अंगाला लावून घेणाऱ्याचं काय करायचं?

"ऐकलंत ना?" मालक म्हणाले. "सोमवारी केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना रिपोर्ट द्यायचाय. आपली पावलं रुग्णांना त्यांच्याच केंद्रात बसवतात, त्यांना कारण हवंय. आणि काकांना आम्ही काही वाऱ्यावर सोडत नाही. सन्मानानं निरोप देऊ."

"निष्काळजी म्हणून सन्मान?"

"शब्दांत पकडू नका हो बाई."

"उद्या सांगते," मी म्हटलं आणि ते फाटलेलं पाऊल उचलून काखेत घेतलं.

"ते कुठे नेताय?"

"माझ्या टेबलावर. त्याच्याविरुद्ध सही करायची तर त्याचं तोंड तरी बघू दे मला."

माझं काम आधी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा तमाशा त्यावरून झाला. कॉम्प्युटरवर पावलाचे बारीक तुकडे पाडायचे, त्यांची एक जाळी बनते. मग वरून माणसाचं वजन ठेवायचं आणि प्रत्येक तुकड्याला विचारायचं की बाबा रे, तुला किती आणि कुठून ताण पडतोय. प्रत्येक तुकडा सहा आकड्यांत उत्तर देतो. तीन आकडे ओढण्या-दाबण्याचे आणि तीन सरकण्याचे, म्हणजे तुकड्याची एक बाजू दुसरीवरून किती सरकू बघतेय त्याचे. या सहांना मिळून टेन्सर म्हणतात. नाव ऐकून लोक उगाच दबकतात. सहा जणांचं एक कुटुंब आहे झालं. पण लाखभर तुकड्यांचे सहा-सहा आकडे कोण वाचत बसणार? म्हणून चित्र दाखवणारं वेगळं सॉफ्टवेअर असतं. ते सहांचा मिळून एक आकडा काढतं आणि त्याप्रमाणे पाऊल रंगवतं. निळं म्हणजे निवांत, लाल म्हणजे सांभाळा. शिवाय ताण कुठल्या दिशेला आहे ते दाखवणारे बारीक बाण काढतं.

मालक रंग बघतात. थरकाका बाण बघतात, कारण धागे बाणांच्या दिशेनं लावायचे असतात. हा धागा लांबीत ओढला तर कुणाच्या बापाला तुटत नाही; पण आडवं ओढलं की कापड दोन धाग्यांच्या मधून उकलतं. बाणांचे कागद मी काढते, म्हणून कारखान्यात माझं नाव बाणबाई. समोर बाई म्हणतात, मागे बाणबाई. मला दोन्ही ऐकू येतं.

चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर गेल्या वर्षी बदललं. जुनं हळू चालायचं, म्हणून जावईबापूंनी नवं आणायला लावलं. जावईबापू म्हणजे मालकांचे जावई आणि कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. माणूस वाईट नाही. फक्त त्यांना शंका विचारली की ते उत्तराआधी सासऱ्यांच्या खोलीकडे बघतात.

मी त्यांच्यासमोर बसूनच आकडा परत तपासला. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तीच फाइल उघडली. रंगाचा आकडा तोच.

"शेवटच्या दशांशापर्यंत तोच आहे," जावईबापू म्हणाले. "नवं आणलं तेव्हाच मी ताडून बघितलं होतं. चूक गणितात नाही, बाई."

मग मी भिंग घेऊन फाटलेल्या कडेचे थर बघितले. एक थर किंचित कललेला होता. कोन मोजला तर सूट असते त्याच्या आतच निघाला, एवढ्यानं पाऊल फाटत नाही. पण तेवढं मालकांना पुरलं असतं, हेही मला कळत होतं. भिंग मी खणात ठेवून दिलं आणि खण लावून घेतला.

आता सही करण्यावाचून काही उरलं नव्हतं. रिपोर्ट पुढ्यात घेतला. त्यात लिहिलं होतं, "डाव्या पावलाचे गणित तपासले असता". आणि मी थांबले, कारण डाव्या पावलाचं गणित मी जन्मात कधी केलं नव्हतं.

आमच्याकडे तशी रीतच होती. गणित उजव्याचं करायचं आणि डाव्यासाठी त्याच बाणांची उलटी प्रत काढायची. सगळेच तसं करतात, त्यात चूक काही नाही. डावं पाऊल म्हणजे आरशातलं उजवं. मला त्या क्षणी चूकबिक शोधायची नव्हती. मला फक्त खोट्या वाक्याखाली सही करायची नव्हती. डाव्याचं तपासलं असं लिहायचं असेल तर डाव्याचं तपासू, एवढाच हट्ट. जाळी उलटवली, वजन ठेवलं आणि गणित लावून दिलं.

दुपारच्या चहाला ते संपलं. मी पडद्यावर दोन्ही पावलं शेजारी शेजारी मांडली. रंग हुबेहूब आरशातले. सपाट भागावरचे बाणही तसेच, डावे डावीकडे, उजवे उजवीकडे. पण वळणावर दोघांचं पटत नव्हतं. उजव्याचे बाण एकीकडे झुकलेले आणि डाव्याचे भलतीकडेच.

मी कप तसाच हातात धरून बसले. ताणाला डावं-उजवं कळत नाही. आरशासमोर मी उजवा हात वर केला आणि आतल्या बाईनं पाय उचलला, तर एक तर आरसा खोटा किंवा मी.

"वळणावर असं होतं कधीकधी," जावईबापू मागून म्हणाले.

"असं म्हणजे कसं?"

"म्हणजे… जाळी आणखी बारीक करून बघा."

केली बारीक. बाण जास्त संख्येनं चुकीचे दिसायला लागले, एवढाच फरक. मग मी पाऊल बाजूला ठेवलं आणि एकच तुकडा घेतला, साखरेच्या खड्यासारखा चौकोनी ठोकळा. त्याला खालून धरायचं आणि वरून एका बाजूला ढकलायचं. याचं उत्तर शाळकरी पोरालाही कागदावर काढता येतं. मी ठोकळा पुढे ढकलला. पडद्यावरचे बाण सांगत होते की तो बाजूला ढकललाय. बाजूला ढकलला, तर म्हणाले पुढे. रंग दोन्ही वेळेला बरोबर!

तेव्हा कुठे फाइल उघडून सहा आकडे एकेक करून वाचले. पहिले चार ठीक. गणित करणारं सॉफ्टवेअर शेवटचे दोन एका क्रमानं लिहीत होतं आणि नवं चित्रवालं ते उलट्या क्रमानं वाचत होतं. फळीवरच्या शेवटच्या दोन डब्यांची झाकणं बदलावीत तसं. रंगाचा आकडा काढताना सरकण्याचे तिन्ही आकडे वर्ग करून एकत्र मिळवतात, आणि बेरजेला कोण आधी, कोण नंतर याचं काही नसतं. म्हणून आकडा शेवटच्या दशांशापर्यंत बरोबर आणि दिशा चूक. सपाट भागावर ते दोन आकडे जवळपास शून्यच असतात, तिथे अदलाबदल झाली काय आणि न झाली काय. वळणावर मात्र सगळा भार त्यांच्यावरच.

आणि आमची तपासणी? कारखान्यातलं मशीन पाऊल सरळ वरून दाबून बघतं. जिना सरळ दाबत नाही.

जावईबापूंना समजायला वेळ लागला नाही. ते हुशार आहेत, तीच तर तक्रार आहे. त्यांनी खुर्ची ओढली, ठोकळा स्वतः ढकलून बघितला, परत बघितला.

"म्हणजे गेल्या वर्षापासूनची सगळी पावलं?" त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"वळणावरचे थर भलत्या दिशेनं. सगळ्यांचे. थरकाकांनी मी दिलेल्या कागदाप्रमाणेच लावले."

त्यांनी सासऱ्यांच्या खोलीकडे बघितलं.

घरी गेले तेव्हा आमचे हे शिवणाच्या मशीनवर बसले होते. हे शिंपी आहेत. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. मी सगळं सांगितलं. यांनी सुई थांबवली नाही, पण ऐकत होते हे मला पाठीवरून कळतं.

"म्हणजे मापं बरोबर आणि कापड तिरकं बेतलं," हे म्हणाले.

"अगदी."

"मग मालक काय म्हणतील?"

"गप्प बसा म्हणतील."

"आणि तू?"

"मी काय?"

हे हसले. "नाही, घरात तुला कुणी कधी गप्प बसवू शकलं नाही, म्हणून विचारलं. तिथल्यांची तयारी आहे का याची?" मग जरा थांबून म्हणाले, "नोकरी जाईल गं तुझी."

"माहीत आहे."

"जाऊ दे मग. जेवून घे आधी."

एवढंच आमचं बोलणं झालं. लोकांना वाटतं अशा वेळी नवरा-बायकोत मोठी चर्चा होते. आमच्यात झाली नाही. त्या दिवशी मला ते फार आवडले, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही, डोक्यावर बसतील.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. मालक, जावईबापू, थरकाका आणि मी. मी ठोकळ्याची चित्रं, दोन पावलांची चित्रं, सगळं टेबलावर मांडलं. मालकांनी शांतपणे समजून घेतलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"उत्तम काम केलंत," ते म्हणाले. "दुरुस्त करून टाका. आजपासून नवी पावलं बरोबर बनतील."

"आणि दिलेली?"

"दिलेली चालतायत."

"एक फाटलंय."

"एकच फाटलंय, बाई. शेकड्यांत एक."

"बाकीची अजून फाटायचीयत."

मालकांनी चष्मा काढला. "हे बघा. सगळी परत मागवली तर हा कारखाना बसला. खाली तीस-चाळीस माणसं काम करतात. त्यांची पोरंबाळं आहेत. तुमच्या खरेपणाची किंमत तुम्ही एकट्या देणार असाल तर माझं काही म्हणणं नाही. पण ती त्यांनी द्यायची, हा कुठला न्याय?"

बोलणं अगदीच खोटं नव्हतं. रात्री मलाही झोप लागली नव्हती ती त्याच विचारानं. मी खिडकीतून खाली काम करणाऱ्यांकडे बघितलं, आणि तेवढ्यात थरकाका पुढे आले.

"बाई, मी एकटा गेलो तर बाकीचे राहतात ना? मग मी जातो. माझं वय झालंच आहे. लिहा, माझ्याकडनं झालं. पुढची बरोबर करा, म्हणजे झालं."

"नाही झालं, काका!" माझा आवाज चढला. "तुमचा मोठेपणा तुमच्यापाशी ठेवा. तुम्ही गेलात तर तुम्ही घरी जाल. त्या पावलांवर जी माणसं जिने चढतायत, ती कुठे जातील? त्यांना विचारलंय का आपण कुणी? आपण इथे चौघं बसून ठरवतोय की कोण पडलेलं चालेल आणि कोण नाही. आपल्या चौघांचे पाय शाबूत आहेत म्हणून ठरवतोय."

जावईबापू चित्रांकडे बघत होते.

"म्हणजे तुम्ही सही करणार नाही," मालक म्हणाले.

"नाही. आणि ही चित्रं मी डॉक्टरीणबाईंना दाखवणार."

"मग सोमवारपासून येऊ नका."

"सोमवारी मी केंद्रात जाणारच आहे. इकडे यायला तसाही वेळ नव्हता मला."

चित्रं गोळा करून मी बाहेर पडले. जावईबापूंनी मला अडवलं नाही, फाइलही पुसली नाही. एवढं त्यांच्या बाजूनं सांगून ठेवते.

डॉक्टरीणबाईंनी तासभर ऐकलं आणि त्याच दिवशी आमची पावलं वापरणाऱ्या सगळ्यांना बोलावणं धाडलं. पुढचं मालकांनी सांगितल्यासारखंच झालं. कारखान्याला कुलूप लागलं. तात्पुरतं म्हणतात, पण कुलपाला ते कुठे माहीत असतं. थरकाकांवरचा ठपका गेला आणि कामही गेलं. त्यांची बायको भर रस्त्यात माझ्याकडे बघून तोंड फिरवून गेली. मला वाईट वाटतं. पस्तावा होत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एक आहेत असं मला कुणी शिकवू नये. पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा हेच करीन.

केंद्रात मात्र मला रोज जावं लागत होतं. पाऊल का काढून घेतोय ते लोकांना समजावून सांगायला डॉक्टरीणबाईंनी मलाच बसवलं. लोक येत, ऐकत, पट्टे सोडत. बरेच जण रडले. एक म्हातारे तर मलाच धीर देऊन गेले. शेवटी एक टपालवाला आला. तिशी-पस्तिशीचा, खांद्यावर पिशवी, वाटप अर्धवट टाकून आलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी देणार नाही."

"फाटेल ते."

"फाटलं तर माझं फाटेल. तुमचं काय जातंय?"

"माझं जायचं ते जाऊन झालं. तुमचं जायला नको म्हणून बसलेय."

"वर्षभर चालतोय यावर. चार मजले चढतो. काही होत नाही."

"त्या शिक्षिकाही वर्षभर चालत होत्या."

त्यानं आपल्या बुटाकडे बघितलं. मग म्हणाला, "नवीन कधी मिळेल?"

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"अंदाजही नाही. कारखाना बंद आहे."

"अहो बाई, निदान आठ दिवस म्हणा. खोटं का होईना. घरी जाऊन काय सांगू मी?"

"नाही म्हणणार."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की ते मला जन्मभर पुरेल. माझं नशीब की मला मान खाली घालता येत नाही; मीही बघत राहिले. मग त्यानं पिशवी खाली ठेवली, विजार वर केली आणि उभ्या-उभ्याच पट्टा सोडायला लागला. मदतनीस बाई कुबड्या आणायला आत गेली. पाऊल सुटलं. ते त्यानं माझ्या हातात दिलं, बुटासकट. अजून गरम होतं.

मी चटकन माझी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"खुर्ची नको," तो म्हणाला. एका हातानं खिडकीचा गज धरून तो एका पायावर ताठ उभा होता. "मी उभा राहू शकतो."

कुबड्या यायला बराच वेळ लागला. खुर्ची आमच्या दोघांच्या मध्ये रिकामी होती. तो उभा होता तोवर मीही बसले नाही.